४०० एकर, एक ओढा आणि एकाच नावाचे दोघं

या वेळी तीन पत्रं निवडलीत, तिन्ही अमेरिकेतल्या जुन्या वसाहतकऱ्यांच्या शोधाची. पहिल्याला जास्त जागा गेलीय, कारण त्यातला घोळ बहुतेकांच्या वाट्याला येतोच.

प्रश्न: माझ्या नवऱ्याचं आजोळ केंटकीचं. सासूबाईंकडे एक जुना कागद आहे, त्यात एवढंच लिहिलंय की त्यांचा मूळ पुरुष १७८० च्या आधी व्हर्जिनियातून केंटकीत आला, एका ओढ्याकाठी ४०० एकर मिळाले आणि ५ मुलं झाली. बायकोचं नाव नाही. मी ऑनलाइन शोधलं तर त्याच नावाचे दोन जण निघाले, दोघंही एकाच काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात! १७९० ची जनगणना शोधली तर ती मिळतच नाही. आता सुरुवात कुठून करू?

उत्तर: ताई, आधी ती जनगणना शोधणं सोडून द्या. केंटकीची १७९० ची जनगणना झाली होती पण तिचे कागद उरले नाहीत, १८०० चीही तीच गत, त्यामुळे हाती लागणारी पहिली १८१० ची, आणि तिच्यातही नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं, बाकी सगळं घर म्हणजे वयोगटाच्या रकान्यातले आकडे. गुलाम सोडून घरातल्या प्रत्येकाचं नाव यायला १८५० उजाडावं लागलं, आणि तोवर तुमचा माणूस मातीआड गेलेला असणार.

तुमच्याकडे खरा धागा आहे तो त्या ४०० एकरांचा. तेव्हा केंटकी हे वेगळं राज्य नव्हतंच, ते झालं १ जून १७९२ ला, त्याआधी सगळा मुलूख व्हर्जिनियाचा. व्हर्जिनियाने १७७९ मध्ये कायदा केला की १ जानेवारी १७७८ च्या आधी जो इथे खरोखर वस्ती करून राहिलाय त्याला ४०० एकरांचा हक्क, आणि शिवाय लागून असलेले १००० एकर सरकारी दराने घ्यायचा पहिला मान. मग १७७९-८० च्या हिवाळ्यात लँड कमिशनचे लोक एकेका ठाण्यावर बसले आणि त्यांनी लोकांचे दावे ऐकून सर्टिफिकेटं दिली. ती नोंदवही छापलेली आहे आणि वाचायला फार मजेशीर आहे, एकेका माणसाला दोन-चार ओळी, अमक्याने अमुक ओढ्यावर १७७६ साली मक्याचं पीक घेतलं म्हणून त्याला हक्क. तुमच्या माणसाची अशी ओळ सापडली तर तो केंटकीत कधी होता ते सरकारी कागदावर मिळालं. पण नुसता ४०० चा आकडा बघून तो हाच हक्क असं धरू नका, ४०० एकर इतर मार्गांनीही मिळत होते. ओळ दिसली तरच खरं.

सर्टिफिकेट म्हणजे जमीन नव्हे. त्यापुढे वॉरंट म्हणजे मोजणीचा सरकारी हुकूम, मग एंट्री म्हणजे कुठली जमीन हवी त्याची नोंद, मग सर्व्हे म्हणजे मोजणी आणि शेवटी पेटंट म्हणजे मालकीचा सरकारी कागद, असे चार कागद व्हायचे, त्यात वर्षानुवर्षं जायची आणि मधल्या कुठल्याही टप्प्यावर हक्क विकता यायचा. म्हणजे मका पिकवला एकाने आणि पेटंट दुसऱ्याच्याच नावावर, असं सर्रास. पेटंटांच्या यादीत नाव नाही म्हणजे माणूस तिथे नव्हता असं मुळीच नाही. केंटकीच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या लँड ऑफिसची वेबसाइट आहे, तिथे नावाने शोधता येतं आणि मूळ कागदांचे स्कॅनही बघता येतात, फुकट. पेटंटावर ‘असायनी’, म्हणजे ज्याला हक्क करून दिला तो, असा शब्द दिसला की थांबा आणि हक्क कुणाकडून कुणाकडे गेला ते वाचा.

आता सर्व्हेचा कागद. लोक एकरांचा आकडा बघतात आणि पुढे जातात, तसं करू नका. त्यात साधारण असं लिहिलेलं असतं: ओढ्याच्या काठावरच्या व्हाइट ओकपासून सुरुवात, तिथून उत्तर ४० अंश पूर्व २०० पोल एका हिकरीपर्यंत, मग शेजाऱ्याच्या हद्दीला धरून ३२० पोल दोन शुगर ट्रीपर्यंत, आणि असं फिरत फिरत परत पहिल्या झाडाशी. पोल म्हणजे साडेसोळा फूट, ३२० पोलचा एक मैल आणि १६० चौरस पोलचा एक एकर. म्हणजे २०० पोल रुंद नि ३२० पोल लांब असा चौकोन आला तर बरोबर ४०० एकर. ग्राफ पेपर घ्या, कोनमापक घ्या आणि काढा. मग त्यात ज्याची हद्द म्हटलंय त्या शेजाऱ्याचा सर्व्हे काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा बसतात का. कागदाच्या तळाशी मोजणीची साखळी धरणाऱ्यांची आणि खुणा करणाऱ्याची नावं असतात, ती अजिबात सोडू नका, कारण साखळी धरायला बाहेरून माणसं कोण आणणार, घरचेच पुतणे, मेहुणे, शेजाऱ्याची पोरं. पाच मुलांतला एखादा तिथेच सापडायचा.

(आणि ही जमीन काही रिकामी पडलेली नव्हती. शॉनी आणि चेरोकी लोकांची ती शिकारीची भूमी, त्यासाठी लढाया झाल्या. टॅक्स लिस्टमध्ये घोड्यांच्या रकान्याशेजारी गुलामांचाही रकाना असतो, आणि मृत्युपत्रात भांडीकुंडी, गुरं यांच्या ओळीत त्यांची नावं. कुणाच्या तरी खापरपणजीचं नाव कागदावर फक्त तिथेच उरलंय, दिसलं की उतरवून घ्या, आपल्या घराण्याचं नसलं तरी.)

आता तुमचे दोन नामकरी, म्हणजे एकाच नावाचे ते दोघं. नावाचा नाद सोडा आणि दोघांना त्यांच्या ओढ्यावरून ओळखा. केंटकीत टॅक्स लिस्ट दरवर्षी व्हायची, त्यात माणसाचं नाव, एकर, कुठल्या ओढ्यावर, मूळ एंट्री, सर्व्हे आणि पेटंट कुणाच्या नावाचं, २१ वर्षांवरचे गोरे पुरुष किती, १६ ते २१ मधले किती, घोडे किती, सगळं येतं. प्रत्येक वर्षाची ओळ वहीत एकाखाली एक लिहा, एक ओढा एका पानावर आणि दुसरा दुसऱ्या पानावर. चार-पाच वर्षांच्या ओळी झाल्या की दोन वेगळी माणसं तुमच्या डोळ्यांसमोर उभी राहतात, एकाकडे दोन घोडे आणि १६ च्या वरचा एक मुलगा, दुसऱ्याकडे आठ घोडे आणि मुलगा नाही. तो १६ वर्षांचा पोरगा काही वर्षांनी स्वतःच्या नावाने लिस्टमध्ये उतरला की त्याचं जन्मसाल अंदाजे काढता येतं. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर या लिस्टचे स्कॅन आहेत. नावाचं स्पेलिंग दर वर्षी बदललेलं दिसेल, घाबरू नका, कारकुनाला जसं ऐकू आलं तसं त्याने लिहिलं.

सिनिअर-ज्युनिअरला मात्र भुलू नका. माझ्या जावयाच्या घराण्याचं काम करताना मी एका ज्युनिअरला सिनिअरचा मुलगा धरून सहा महिने घालवले, अख्खी शाखा काढून सगळ्यांना पाठवलीसुद्धा, आणि मग एका डीडमध्ये, म्हणजे जमिनीच्या खरेदीखतात, स्वच्छ लिहिलेलं निघालं की तो पुतण्या! तेव्हा एकाच भागात एकाच नावाचे दोघं असले की वयाने मोठा तो सिनिअर एवढंच, नात्याचा काही संबंध असेलच असं नाही, आणि सिनिअर वारला किंवा गाव सोडून गेला की कालचा ज्युनिअर आज सिनिअर व्हायचा.

यानंतरचं काम मला सगळ्यात आवडतं. जमिनीचा जमाखर्च मांडा. ४०० एकर आले, मग गेले कुठे? काउंटी क्लार्ककडच्या डीड बुकांना विकणाऱ्यांची एक आणि घेणाऱ्यांची एक अशा दोन अनुक्रमणिका असतात, दोन्ही बघायच्या. समजा १०० एकर विकल्याचं डीड सापडलं, मग आणखी १५० चं सापडलं, उरले १५०, आणि त्यांचं डीडच नाही. म्हणजे ते वारसांकडे गेले, आणि वारसांनी पुढे कधीतरी ते विकले असणारच, कदाचित वीस वर्षांनी. ते डीड विकणाऱ्यांच्या अनुक्रमणिकेत बापाच्या नावाखाली नसून थोरल्या मुलाच्या नाहीतर जावयाच्या नावाखाली असतं, म्हणून लोकांना सापडत नाही, आणि त्या एका कागदात कधीकधी सगळी मुलं, मुलींचे नवरे आणि कोण कुठल्या राज्यात गेलं तेही मिळतं. तुमची ५ मुलं मिळाली तर अशाच कागदात मिळतील असं मला वाटतंय.

आणि बायकोचं नावही डीडमध्येच. नवऱ्याच्या जमिनीवर बायकोचा विधवा म्हणून तिसऱ्या हिश्श्याचा हक्क असायचा, डॉवर म्हणतात त्याला, त्यामुळे घेणारा शहाणा असेल तर तो तिच्याकडून हक्कसोड लिहून घ्यायचा, आणि तेव्हा अधिकारी तिला नवऱ्यापासून बाजूला नेऊन विचारायचे की बाई, तू हे राजीखुशीने करतेयस ना. १७९५ च्या डीडवर एक नाव आणि १८०४ च्या डीडवर दुसरं नाव असलं तर एकतर दुसरं लग्न, नाहीतर तुमचे दोन नामकरी इथेच वेगळे झाले. माहेरचं आडनाव हवं असेल तर लग्नाचे बाँड, म्हणजे हमीपत्रं, बघा, मुलीच्या बाजूने जामीन राहणारा बहुतेक वेळा बाप किंवा भाऊ असतो.

वारशाच्या बाबतीत एक तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: १ जानेवारी १७८७. व्हर्जिनियात त्याआधी कुणी मृत्युपत्र न करता वारला तर सगळी जमीन थोरल्या मुलाला, नंतर मात्र सगळ्या मुलांत समान वाटणी. अब्राहम लिंकनचे आजोबा, त्यांचंही नाव अब्राहमच, केंटकीत शेतात काम करताना हल्ल्यात मारले गेले ते १७८६ मध्ये. जमीन गेली थोरल्या मॉर्डेकायकडे आणि धाकट्या थॉमसच्या, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या वडिलांच्या, हाती काही आलं नाही. तुमच्या माणसाच्या जमिनीचा एकच वारस दिसतोय म्हणून त्याला एकच मूल होतं असं लगेच लिहू नका, आधी तो कधी वारला ते बघा. याच थॉमसने पुढे केंटकीत जमिनी घेतल्या, त्यांचे हद्दींचे आणि मालकीचे वाद उठले आणि १८१६ च्या शेवटी तो इंडियानाला निघून गेला. झाडाझुडपांवरून हद्दी धरायच्या म्हटल्यावर एकाच जमिनीवर दोघातिघांचे सर्व्हे चढलेले असायचे. खटला असेल तर मात्र तुमची चांदी, कारण साक्षीदार वय सांगून सुरुवात करतात आणि मग कोण कुणाचा कोण हे सगळं ओकतात.

काउंटीचं राहिलंच. १७८० मध्ये व्हर्जिनियातल्या केंटकी काउंटीच्या तीन झाल्या, जेफरसन, फेएट आणि लिंकन, आज केंटकीत १२० आहेत. जमीन जागची हलली नाही तरी काउंटी बदलत गेली, आणि जुने कागद जुन्या काउंटीच्या क्लार्ककडेच राहिले. त्यामुळे ओढा आज कुठल्या काउंटीत आहे याला अर्थ नाही, त्या साली कुठल्या काउंटीत होता ते बघून मगच चौकशी करा.

प्रश्न: आमच्या सुनेचे खापरपणजोबा स्वीडनहून नेब्रास्कात आले आणि त्यांनी होमस्टेड घेतलं असं तिच्या घरी सांगतात. याचा काही कागद मिळेल का?

उत्तर: मिळेल, आणि तुमचं काम वरच्या ताईंपेक्षा कितीतरी सोपं आहे. होमस्टेडचा कायदा १८६२ चा, १६० एकर सरकारी जमीन मिळायची, त्यासाठी पाच वर्षं राहून शेत करून दाखवायचं. अमलात आला १ जानेवारी १८६३ ला, आणि त्याच दिवशी पहिल्या अर्जदारांत नेब्रास्कातल्या बिअ‍ॅट्रिसजवळचा डॅनियल फ्रीमन होता. तिथली जमीन सरकारने आधीच चौकोनांत मोजलेली, सहा मैल बाय सहा मैलांची टाउनशिप, तिचे ३६ सेक्शन, एकेक ६४० एकरांचा, आणि पाव सेक्शन म्हणजे तुमचे १६०. ओक नि हिकरीची भानगड नाही.

ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या वेबसाइटवर जनरल लँड ऑफिसची पेटंटं आहेत, राज्य आणि नाव टाकून शोधा. पण पेटंट बघून थांबू नका हो, ते म्हणजे नुसता शेवटचा कागद. त्यावरचा लँड ऑफिस, सर्टिफिकेट नंबर आणि जमिनीचं वर्णन घेऊन नॅशनल आर्काइव्ह्जकडे पूर्ण फाइल मागवा. त्यात घर केवढं बांधलं, किती एकर नांगरली, कुटुंबात माणसं किती, हे त्याने आणि दोन शेजाऱ्यांनी शपथेवर सांगितलेलं असतं, आणि तो बाहेरून आलेला म्हणजे नागरिकत्वाचे कागदही जोडलेले असणार. पेटंट सापडलंच नाही तर दावा अर्धवट सोडलेला असू शकतो, अशा रद्द दाव्यांच्याही फायली आहेत.

प्रश्न: आम्हाला हव्या त्या काउंटीचं कोर्टहाउस केव्हाच जळालं. मग संपलंच ना सगळं?

उत्तर: नाही. केंटकीपुरतं बोलायचं तर टॅक्स लिस्टची एक प्रत राज्याच्या ऑडिटरकडे जायची आणि पेटंटं राज्याच्या लँड ऑफिसात, ती काउंटीच्या आगीत जळत नाहीत. शिवाय आगीनंतर लोक घरातली जुनी डीडं आणून पुन्हा नोंदवून घ्यायचे, म्हणून १७९८ चं डीड आगीनंतरच्या बुकात सापडतं, तेव्हा अनुक्रमणिका पुढची पन्नास वर्षं तरी चाळा. आणि माणूस क्रांतियुद्धात, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, लढलेला असेल तर पेन्शनची फाइल वॉशिंग्टनला आहे, १८३२ च्या कायद्यानंतर म्हाताऱ्या सैनिकांनी स्वतःची सगळी हकिकत कोर्टात सांगून लिहून घेतलीय, आणि विधवांनी लग्न नि मुलांच्या तारखा सिद्ध करायला घरच्या बायबलची पानं फाडून जोडलीत, ती आजही फायलींत आहेत.