दाद गाण्याला, आणि दाद स्ट्रासबर्गला

प्रश्न असा आहे: 'त्याने युरोपच्या प्रादेशिक मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली' या वाक्यात 'प्रादेशिक' योग्य आहे का? शिवाय 'दाद' तर गाण्याला देतात, मग इथे 'अपील केले' म्हणणं जास्त नेमकं नाही का?

'अपील' मुळीच नको! बातम्यांत हे इतक्यांदा ऐकलंय की आता कान किटले. युरोपचं हे मानवी हक्क न्यायालय फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला आहे, आणि ते म्हणजे कुणाच्या सुप्रीम कोर्टाच्या वरचा मजला नव्हे. देशातला निकाल ते रद्द करत नाही, शिक्षा कमी-जास्त करत नाही. १९५० साली रोमला झालेल्या मानवी हक्क करारातला हक्क सरकारने मोडला का, एवढंच ते तपासतं. मोडला असेल तर तसं ठणकावून सांगतं, आणि गरज असेल तिथे भरपाई द्यायला लावतं. देशातली सगळी कोर्टं चढून-उतरून झाली की चार महिन्यांच्या आत तिथे अर्ज करायचा, आणि समोर उभं असतं ते एखादं राष्ट्रच. याला मराठीत दाद मागणं म्हणतात. याहून नेमका शब्द मला तरी सुचत नाही.

(त्याला 'युरोपीय महासंघाचं न्यायालय' म्हणणाऱ्यांसाठी: ते लक्झेंबर्गला आहे, २७ देशांचं. स्ट्रासबर्गचं युरोप परिषदेच्या ४६ देशांसाठी आहे. त्यांत तुर्कस्तान आहे, आर्मेनिया आहे. आर्मेनिया लक्षात ठेवा.)

आता 'दाद'. फारसीत दाद म्हणजे न्याय. गवयाला दाद देतो तेव्हा आपण त्याच्या जागेला न्यायच देत असतो, त्यामुळे हे दोन वेगळे शब्द नाहीतच. गंमत त्याच्या मागे आहे. दाद हा प्राचीन फारसीतल्या 'दात' या शब्दाचा वंशज, आणि दात म्हणजे कायदा. इराणमधल्या बेहिस्तूनच्या कड्यावर तिथल्या प्राचीन सम्राट दारियसने कोरून ठेवलंय की हे सारे देश माझ्या 'दाता'ला धरून वागले. पुढे हाच शब्द हिब्रूत 'दात' म्हणून गेला. तिथे त्याचा आजचा अर्थ धर्म.

काही पंडित इथे छातीठोकपणे सांगतात की दाद संस्कृत 'दा' म्हणजे देणे या धातूशी जुळतो, 'दिलेलं ते दाद'. ऐकायला गोड, पण चूक. इराणी भाषांत महाप्राण (ध, भ यांतला 'ह') गळून पडतात: आपला बंध तिकडे 'बंद' होतो, भ्राता 'बिरादर' होतो. तसाच 'धा', म्हणजे ठेवणे किंवा घालून देणे, तिकडे 'दा' झाला आणि देण्याच्या 'दा'त मिसळून गेला. पंडित फसतात ते इथेच. कायदा कुणी दान करत नाही, तो घालून दिलेला असतो. आपल्याकडे याच 'धा'पासून विधी, विधान, विधाता आले, आणि 'हित'ही आलं (वेदात 'सुधित' असं जुनं रूप सापडतं). म्हणजे 'दाद हा परका शब्द, हाकला' म्हणणारे शुद्धिवादी विधानसभेच्या चुलतभावालाच हाकलायला निघालेत.

आणि आता आर्मेनिया. त्यांनीही हा शब्द इराण्यांकडून उचलला: 'दात' म्हणजे न्यायनिवाडा, 'दातारान' म्हणजे न्यायालय. स्ट्रासबर्गच्या न्यायालयाला ते म्हणतात 'मर्दु इरावुन्कनेरी येव्रोपाकान दातारान'. त्यातला 'मर्द' म्हणजे माणूस, आपल्या मर्त्याचा आणि मर्दाचा नातलग. येरेवानचा माणूस सरकारविरुद्ध स्ट्रासबर्गला जातो तेव्हा तो शब्दशः दादेच्याच दारात जातो. हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या दिवशी मला झोप लागली नाही.

माझं आणखी एक मत आहे, पटवून घ्या अगर नका घेऊ: 'कुलूप दाद देईना' हा वाक्प्रचार कचेरीतूनच आला असणार. अर्ज घेऊन उभ्या असलेल्या माणसाला हाकलणारा कारकून आणि गंजलेलं कुलूप यांत फरक तो काय?

तसे कारकून इतर खंडांतल्या मानवी हक्क न्यायालयांच्या दारांवरही आहेत. अमेरिका खंडाचं न्यायालय कोस्टा रिकातल्या सॅन होजेला आहे. तिथे माणसाला थेट जाता येत नाही; आधी वॉशिंग्टनच्या मानवी हक्क आयोगाकडे जायचं. टांझानियातल्या अरुशाला आफ्रिकेचं न्यायालय आहे. तिथे व्यक्तीला थेट जायचं तर तिच्या देशाने तशी वेगळी संमती नोंदवलेली लागते, आणि खुद्द यजमान टांझानियानेच २०१९ साली ती काढून घेतली! घर भाड्याने द्यायचं आणि पायरीवर कुत्रं बांधायचं. आशियाला असं न्यायालयच नाही. पण स्ट्रासबर्ग नागरिकत्व विचारत नाही. एका भारतीय नागरिकाला राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन भारतात परत पाठवायला ब्रिटन निघालं होतं. १९९६ साली चहल खटल्यात या न्यायालयाने सांगितलं की तिकडे छळाचा खरा धोका आहे, पाठवता येणार नाही. तेव्हा पुण्याहून म्युनिकला गेलेल्या तुमच्या भाच्यालाही तिथे दाद मागता येते.

'प्रादेशिक'चं राहिलंच. ते वाचलं की मला आरटीओ आठवतं. 'खंडीय' म्हणावं तर अमेरिका खंडाच्या न्यायालयाला अमेरिका हा देश आणि कॅनडाच बांधलेले नाहीत. सरळ गावाचं नाव घ्या: स्ट्रासबर्गचं न्यायालय, सॅन होजेचं, अरुशाचं.