आजीच्या सिंगरला वीज जोडण्यापूर्वी

आपण लिहिले आहे की, इंदूरच्या रामबागेतील घर आवरताना माळ्यावर आजीची मोटर बसवलेली सिंगर शिलाई मशीन सापडली, चाक हाताने सहज फिरते, तर तेल देऊन थेट प्लग लावावा का. कृपया अजून लावू नका. चाक फिरते यावरून बीड (ओतीव लोखंड) आणि पोलाद शाबूत आहे एवढेच कळते. वायरवरच्या रबराची अवस्था त्यावरून कळत नाही, आणि खरा धोका तिथेच असतो.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या काकूंची अशीच मशीन माझ्याकडे आली. शिवण उत्तम, तक्रार एवढीच की हात लावला की झिणझिण्या येतात. मोटरची वायर जिथे मशीनला जोडली जाते तो टर्मिनल ब्लॉक उघडला, तेव्हा रबर शिळ्या भाकरीच्या चुऱ्यासारखे बोटांत आले आणि तांब्याची एक तार बीडाला टेकलेली दिसली. प्लग दोन पिनांचा होता, अर्थिंग नव्हतेच. त्यामुळे फ्यूज उडाला नाही आणि मशीन बिनबोभाट चालत राहिली. ओल्या फरशीवर अनवाणी पाय असता तर काय झाले असते, हे आठवले की आजही अस्वस्थ वाटते.

म्हणून जुनी वायर टेप गुंडाळून वाचवू नये, ती संपूर्ण बदलावी. मोटरच्या आतून येणाऱ्या वायरीही तपासाव्यात. त्या कडक झाल्या असतील तर हे काम रिवाइंडिंग (मोटरची तार नव्याने गुंडाळण्याचे काम) करणाऱ्या जाणत्या कारागिराकडेच द्यावे. नवी वायर तीन तारांची घ्यावी आणि हिरवी तार मशीनच्या बैठकीला, स्क्रूखालचा रंग खरवडून, घट्ट आवळावी. पेडलचे कवच धातूचे असेल तर त्यालाही अर्थिंग हवेच. मात्र भिंतीतल्या सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे का, हे आधी पाहून घ्यावे. जुन्या घरांत तिसरे भोक अनेकदा नुसते शोभेचे असते.

पेडलकडे विशेष लक्ष द्यावे. काही पेडलमध्ये रेडिओची खरखर थांबवण्यासाठी कागदी कपॅसिटर (विजेचा एक छोटा सुटा भाग) बसवलेला असतो. तो आतून शॉर्ट झाला की पाय न ठेवताही सुई धावू लागते. तो काढून टाकल्याने मोटरचे काही बिघडत नाही. शिवाय पेडल एकच तार तोडते. दोन पिनांचा प्लग उलटा बसला तर पाय उचलल्यावरही मोटरपर्यंत फेज पोहोचलेली असते. म्हणून सुई बदलतानासुद्धा प्लग काढूनच ठेवावा.

मोटरवरची पट्टीही वाचावी. तिच्यावर ११० व्होल्ट लिहिले असेल तर आपल्या २३० व्होल्टवर ती जळेल. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल.

जोडणी झाल्यावर प्लगच्या फेज व न्यूट्रल पिना एकत्र धरून त्या आणि मशीनचे धातूचे अंग यांच्यामधला रोध ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासण्याच्या मीटरने) मोजावा. एक मेगओहमपेक्षा कमी आले तर वीज देऊ नये. मी स्वतः दोनच्या खाली समाधान मानत नाही. इलेक्ट्रिशियन सिरीज बल्ब (मशीनच्या वाटेत एकसर जोडलेला बल्ब) लावून पाहील, तेही करावे. पण त्याने शॉर्ट कळतो, मशीनच्या अंगात उतरणारी थोडी गळती कळत नाही. घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) नसेल तर या निमित्ताने अवश्य बसवून घ्यावी.

रॉकेलने मशीन धुतली असेल तर ती पूर्ण वाळू द्यावी, कारण मोटरमधल्या कार्बन ब्रशपाशी ठिणग्या उडतात. पहिल्या वेळी पट्टा उतरवून, रबरी चप्पल घालून, मोटर एकटीच अर्धा मिनिट चालवावी आणि प्लग काढल्यावरच तिला हात लावून ती किती तापली ते पाहावे.