कॉर्डबाहेरचा सूर कसा ओळखायचा?

प्रश्न: मुलगी कीबोर्ड शिकते, थिअरीच्या परीक्षेची तयारी चालू आहे. 'ट्विंकल ट्विंकल'मधले केडन्स (ओळ संपताना येणारी कॉर्डची जोडी) ओळखा आणि नॉन-कॉर्ड टोनला (कॉर्डमध्ये, म्हणजे एकत्र वाजवलेल्या सुरांच्या गटात, नसलेल्या सुराला) गोल करा असा होमवर्क होता. तिने एफला गोल केला तर चूक, आणि मैत्रिणीच्या वहीत तोच एफ बरोबर! मला पेटी येते, पण हे काही डोक्यात शिरेना. – एक वाचक, सांगली

उत्तर: दोघींच्या वहीत खाली कॉर्ड कुठल्या लिहिल्यात ते आधी बघा, बहुतेक तिथेच फरक असणार. पेटी येते म्हणजे अर्धं काम झालंच. सी म्हणजे सा धरा, मग सी कॉर्ड सा-ग-प, एफ कॉर्ड म-ध-सा (तिने गोल केलेला एफ म्हणजे हाच म) आणि जी कॉर्ड प-नि-रे. 'अप अबव्ह द वर्ल्ड सो हाय' ही ओळ प प म म ग ग रे अशी उतरते. त्यातल्या म खाली एफ कॉर्ड असेल तर तो घरचाच, गोल कशाला? पण कोणी आळस करून ग येईपर्यंत सी कॉर्डच दाबून ठेवली तर तोच म बाहेरचा झाला, आणि प वरून ग कडे पायरीने जाताना मधे लागला म्हणून पासिंग टोन.

'हाय'वर रे, खाली जी कॉर्ड. तिथेच थांबून बघा, घरातलं कोणीतरी पुढची ओळ म्हणेलच, ही हाफ केडन्स (ब्रिटिश पुस्तकांत इम्परफेक्ट). शेवटी 'यू आर'ला जी वरून सी, ती परफेक्ट, कारण जी मधला नि सा च्या अगदी शेजारी असतो आणि त्याला तिथेच जायचं असतं. सी ऐवजी ए मायनर (ध-सा-ग) आली की इंटरप्टेड, एफ वरून सी म्हणजे प्लेगल, चर्चमधलं 'आमेन' असतं तशी. आणि हो, केडन्स म्हणजे सम नव्हे, सम तालाची असते, इथे सगळा खेळ कॉर्डचा.

खरी मजा सस्पेन्शनमध्ये, म्हणजे आधीच्या कॉर्डचा सूर पुढच्या कॉर्डवरही धरून ठेवण्यात. डाव्या हाताने जी सेव्हन वाजवा (प नि रे म), उजव्या हातात म धरा, डावा हात सा-प वर न्या पण म सोडू नका, कानाला टोचेल, मग सावकाश ग वर उतरा. तो म आधीच्या कॉर्डमधून धरून आणलेला हवा, एकदम उडी मारून जोराच्या मात्रेवर आला आणि मग ग वर उतरला तर त्याला अपोजिआतुरा म्हणतात.