मुलींच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकून मुलगी बुजरी होते का? घरचे संस्कार सुटतात का?

आधी संस्कारांचं. मी हिंदू घरातली, शाळा सिस्टरांची. असेंब्लीत ‘अवर फादर’ ही ख्रिस्ती प्रार्थना म्हणायचो. धर्मशिक्षणाच्या तासाला कॅथलिक मुली दुसऱ्या वर्गात जायच्या, आम्ही मॉरल सायन्सला बसायचो. संध्याकाळी घरी शुभंकरोति. दोन्ही पाठ होतं आणि मला त्यात कधी अडचण वाटली नाही. शिवाय संविधानाचं कलम २८(३) आहेच: सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलांना धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. खटके उडायचे ते मेंदी, टिकली, बांगड्यांवरून. संक्रांतीच्या बांगड्या वर्गात सगळ्यांसमोर उतरवायला लावल्या होत्या, त्याचा राग मला अजून येतो.

बुजरेपणाचं मात्र अगदी उलट आहे. आमच्या शाळेत फीचा हिशेब, नव्या मजल्याचं बांधकाम, कंत्राटदाराशी वाद, सगळं सिस्टरच बघायच्या. वरच्या सहीसाठी कुठल्या ‘साहेबां’कडे जायचं नसायचं. गॅदरिंगला बाकं आम्हीच उचलायचो, माइक आम्हीच जोडायचो, बँडमधला मोठा ड्रमही मुलीच्याच गळ्यात. ‘हे मुलं करतील’ म्हणायला तिथे मुलंच नव्हती. पुढे ऑफिसात मीटिंगचा चहा सांगायला सगळे माझ्याकडे बघू लागले तेव्हा मला खरंच कळेना, माझ्याकडेच का!

या परंपरेला इतिहास आहे. क्लॉदिन तेव्हने या बाईंनी १८१८ मध्ये फ्रान्समधल्या लिआँ शहरात जीझस अँड मेरी हा सिस्टरांचा संघ काढला, मुलींना शिकवायला. राज्यक्रांतीच्या धामधुमीत त्यांच्या दोन भावांना मृत्युदंड झाला होता. त्या संघाच्या सिस्टर १८४२ मध्ये आग्र्याला पोचल्या. त्या काळात बायकांनी इतक्या लांब येऊन शाळा उभी करायची, याचं मला फार अप्रूप वाटतं.

कमी पडलं ते शरीराच्या बाबतीत. प्रजननाचा धडा ‘घरी वाचा’ म्हणून सोडून दिला. स्कर्ट गुडघ्याखाली आहे का ते मात्र गुडघ्यांवर बसवून तपासायचे. पाळीबद्दल, मुलग्यांबद्दल जे कळलं ते मैत्रिणींकडून, निम्मं चुकीचं. हल्ली बऱ्याच शाळा यावर बोलतात, तरी मुलीशी तुम्ही स्वतः बोला, पाळी यायच्या आधीच.

आणि प्रवेशाच्या वेळी दोन गोष्टी स्पष्ट विचारा: धर्मशिक्षणाच्या तासाला बाकीच्या मुली काय करतात, आणि सणाच्या मेंदीला शिक्षा आहे का.