पांडाचा माज एकदाच येतो

पांडाच्या कृत्रिम प्रजननाबद्दल तेच गैरसमज पत्रांतून पुन्हा पुन्हा येतात. म्हणून निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

भारतात पांडा कुठे पाहता येईल?

नाही येणार. दार्जिलिंगला आहे तो लाल पांडा, त्याचे कूळच वेगळे.

बंदिवासात पांडांना इच्छाच उरत नाही, म्हणून कृत्रिम रेतन करतात ना?

हे ऐकीव बोलणे आता पुरे. मादी वर्षातून एकदा, वसंतात माजावर येते आणि गर्भ राहण्याजोगा काळ जेमतेम दीड-दोन दिवसांचा. गाईचा माज हुकला तर २१ दिवसांनी पुन्हा संधी असते. इथे थेट पुढचे वर्ष. म्हणून रोज तिची लघवी गोळा करून इस्ट्रोजेन हे संप्रेरक मोजतात. ते शिखर गाठून उतरू लागले की मीलन किंवा रेतन तेव्हाच झाले पाहिजे. 'उद्या बघू' म्हटले की वर्ष बुडाले! शिवाय नुसती वंशावळ पाहून जोडी लावली आणि दोघांचे पटलेच नाही, तर दोष पांडाला का द्यायचा? हाँगकाँगच्या ओशन पार्कमधल्या यिंग यिंगला ऑगस्ट २०२४ मध्ये जुळी झाली, ती नैसर्गिक मीलनातूनच. रेतनाला माझा विरोध नाही. वॉशिंग्टनच्या मेई श्यांगला २०२० मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, गोठवलेल्या वीर्यापासून पिल्लू झाले. पण आधी जोडीला पुरेशी संधी द्या. कोणत्या मादीला काय करायचे, हे तिला रोज पाहणाऱ्या पशुवैद्यानेच ठरवावे.

'पांडा गाभण' अशी बातमी येते, पुढे काहीच होत नाही. आमच्या कुत्रीलाही मीलनाशिवाय दूध आले आहे.

दोन्हीकडे खोटे गाभणपण असू शकते. पांडात तेव्हाही प्रोजेस्टेरॉन हे गर्भारपणाचे संप्रेरक वाढते, मादी खाणे कमी करते. खरा गर्भही बराच काळ गर्भाशयात रुजत नाही, त्यामुळे सोनोग्राफीत तो अखेरच्या काही आठवड्यांतच दिसतो. त्याआधीच्या बातम्यांवर विसंबू नका. कुत्रीचे दूध पिळून काढू नका, तिला पशुवैद्याला दाखवा.

जुळ्यांपैकी एकाला आई टाकते?

बहुधा. पिल्लू जन्मताना १०० ग्रॅमच्या आसपास असते, दोघांना सांभाळणे तिला जमत नाही. चीनमधल्या चेंगडूच्या पांडा प्रजनन केंद्रात मधाचे पाणी पुढे करून आईचे लक्ष वेधतात आणि तिच्याजवळचे पिल्लू उबवणी पेटीतल्या पिल्लाशी बदलतात. अशी आलटून पालटून दोन्ही तिच्याच दुधावर वाढतात.

चेंगडूच्या सहलीत पिल्लू मांडीवर घेऊन फोटो काढायचे एजंट जादा पैसे मागतो. द्यावेत का?

अजिबात नाही. पिल्लू नाजूक असते, संसर्ग जिवावर बेततो. २०१४-१५ च्या हिवाळ्यात चीनच्याच शान्शी प्रांतातल्या केंद्रात कॅनाइन डिस्टेंपर या कुत्र्यांत आढळणाऱ्या विषाणूजन्य रोगाने पांडा दगावले आहेत. काय पाहता येते, याची चौकशी थेट केंद्राकडे करा आणि मगच एजंटला आगाऊ रक्कम द्या.