संसदीय समितीचा गोपनीय मसुदा अहवाल फुटला, तर चौकशी कोण आणि कशी करते?

आपल्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत. संसदीय समितीचा मसुदा अहवाल सभागृहात येण्याआधीच वृत्तवाहिनीवर झळकला तर चौकशी कोण करते. ठाण्यातल्या नागरिकाने नौपाडा पोलीस ठाण्यात तक्रार दिली तर ती चालेल का. आणि अशी प्रत व्हॉट्सॲपवर आपल्याकडेच आली तर काय करावे. मी संसदेच्या सचिवालयात कधी नव्हतो. बेलापूरच्या कोकण भवनात माझी बरीच नोकरी राज्याच्या लोकलेखा समितीपुढे, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या समितीपुढे, जाणारी स्पष्टीकरणात्मक ज्ञापने तयार करण्यात गेली. समितीचे कागद कोणकोणत्या टेबलांवरून फिरतात हे त्यामुळे जवळून पाहता आले आणि संसदेचे नियम वाचण्याची सवयही त्यातूनच लागली.

पोलिसांचा मुद्दा आधी संपवतो. अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवला जाण्यापूर्वी, म्हणजे सभागृहात रीतसर मांडला जाण्यापूर्वी, तो उघड करणे हा विशेषाधिकाराचा भंग, म्हणजे आपल्या नेहमीच्या भाषेत हक्कभंग, मानला जातो. आणि हक्कभंग झाला की नाही हे संविधानाच्या अनुच्छेद १०५ नुसार सभागृहच ठरवते. कोणी कपाट फोडून कागद पळवले किंवा संगणकात घुसखोरी केली, तर तो स्वतंत्र गुन्हा होईल आणि त्याचा तपास पोलीस करू शकतील. परंतु समितीच्याच एखाद्या सदस्याने आपली प्रत कोणाच्या तरी हाती दिली असेल, तर नौपाडा पोलिसांपुढे तपासण्यासारखे फारसे काही उरत नाही.

लोकसभेच्या नियम २७५ प्रमाणे पटलावर न ठेवलेला साक्षीपुरावा, अहवाल किंवा समितीचे कामकाज लोकसभा अध्यक्षांच्या परवानगीशिवाय कोणालाही पाहता येत नाही. तो फुटल्याचे दिसले की एखादा सदस्य नियम २२२ खाली हक्कभंगाचा प्रश्न मांडण्यासाठी अध्यक्षांची संमती मागतो. अध्यक्ष नियम २२७ खाली ते प्रकरण स्वतःहूनही विशेषाधिकार समितीकडे सोपवू शकतात. लोकसभेच्या या समितीत पंधरा सदस्य असतात, राज्यसभेच्या समितीत दहा. अध्यक्षांनी संमतीच दिली नाही तर चौकशी सुरूही होत नाही, आणि बहुतेक प्रकरणे तिथेच थांबतात.

चौकशी खरोखर झाली, तर तिने सुरुवात कुठून करावी याबद्दल माझे मत ठाम आहे. ‘कोणी दिले’ हा प्रश्न पहिला नसावा. ‘कोणता मसुदा बाहेर गेला’ हा असावा. दहावीचा पेपर फुटल्यावर तो संच कोणत्या केंद्रावरचा हे आधी पाहतात, तसेच हे आहे. समितीचा मसुदा एकच नसतो. सचिवालयातील अधिकारी पहिला खर्डा करतात, तो समितीच्या सभापतींच्या नजरेखालून जातो, मग गोपनीय असा शेरा मारून सदस्यांना वाटला जातो, बैठकीत त्यात दुरुस्त्या होतात. काही समित्यांच्या पद्धतीत तपशिलांची खातरजमा करण्यासाठी आगाऊ प्रत संबंधित मंत्रालयाकडे जाते, आणि लोकलेखा समितीच्या बाबतीत लेखापरीक्षकांकडेही. प्रत्येक टप्प्यावर परिच्छेदांचे क्रमांक बदलतात, एखादा आकडा सुधारला जातो, एखादे विशेषण गळून पडते. वाहिनीच्या पडद्यावर दिसलेल्या दोन पानांवर जुना आकडा असेल, तर दुरुस्तीनंतरची प्रत ज्यांना प्रथमच मिळाली ते सगळे संशयितांच्या यादीतून बाहेर पडतात. हे काम बारनिशीतल्या कारकुनालाही जमेल. त्यासाठी आवक-जावक नोंदवही, वाटपाची यादी आणि प्रतींवरचे अनुक्रमांक एवढेच लागते, अर्थात हे तिन्ही आधीपासून नीट ठेवलेले असतील तरच. प्रत्येक प्रतीवर सदस्याच्या नावाचा वॉटरमार्क असला तर काम आणखी सोपे होते. तरीही यातून फार तर ‘कोणाची प्रत’ एवढेच कळते. सदस्याची प्रत त्याचा स्वीय सहायक हाताळतो, कोणी पानांचे मोबाइलवर फोटो काढतो, आणि प्रत कोणाची होती यावरून ती कोणी दिली हे सिद्ध होत नाही.

नोंदींनंतर हेतूचा विचार येतो. मसुदा फोडणारा विरोधकच असतो असे समजणे भाबडेपणाचे आहे. ज्यांना अहवाल आधीच जाहीर करून मथळा आपल्या बाजूने पक्का करायचा असतो, त्यांनाही ते सोयीचे असते. एप्रिल २०११ मध्ये मुरली मनोहर जोशी यांच्या अध्यक्षतेखालील लोकलेखा समितीचा टू-जी स्पेक्ट्रमवरील मसुदा बैठकीआधीच माध्यमांत आला. बैठकीत २१ पैकी ११ सदस्यांनी तो फेटाळला आणि अखेर लोकसभा अध्यक्ष मीरा कुमार यांनी तो परत पाठवला. नोव्हेंबर २०२३ मध्ये खासदार महुआ मोइत्रा यांच्या प्रकरणातील आचार समितीचा मसुदा बैठकीपूर्वीच एका वृत्तवाहिनीच्या हाती लागल्याची तक्रार झाली. तो अहवाल संसदेच्या पोर्टलचा पासवर्ड इतरांना दिल्याबद्दलचा होता, हा योगायोग पाहून मला हसू आवरले नव्हते. समितीने ९ नोव्हेंबरला सहा विरुद्ध चार मतांनी तो स्वीकारला आणि ८ डिसेंबरला मोइत्रा यांचे सदस्यत्व रद्द झाले. दोन्ही वेळा सगळे लक्ष अहवालात काय लिहिले आहे याकडे गेले आणि मसुदा कोणी फोडला हा प्रश्न मागे पडला.

याचे कारण चौकशीच्या रचनेतच आहे. ज्यांच्याकडे संशयाने पाहायचे तेही सदस्य आणि चौकशी करणारेही सदस्य, शिवाय विशेषाधिकार समितीत बहुमत सत्ताधारी बाजूचेच. ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहातही हीच अडचण आहे, पण तिथली पद्धत मला अधिक शहाणपणाची वाटते. ज्या समितीचा मसुदा फुटला ती आधी स्वतः सदस्यांना आणि कर्मचाऱ्यांना विचारते, त्या फुटीमुळे कामात खरोखर मोठा अडथळा आला का हे ठरवते, आणि तसे वाटले तरच प्रकरण पुढे जाते. १९९९ मध्ये तिथे सिएरा लिओनविषयीचा परराष्ट्र व्यवहार समितीचा मसुदा परराष्ट्र खात्याला पुरवल्याबद्दल अर्नी रॉस या सत्ताधारी पक्षाच्याच खासदाराला दहा दिवसांसाठी निलंबित केले गेले. म्हणजे मसुदा वृत्तपत्राला नव्हे, सरकारला दिला तरी ती फूटच. आपल्याकडे या बाजूची चर्चा फार कमी होते.

पत्रकाराला धरावे का, यावर ब्रिटनमध्ये १९८६ मध्ये वाद झाला. किरणोत्सारी कचऱ्यावरील समितीचा मसुदा छापल्याबद्दल ‘टाइम्स’च्या वार्ताहरावर कारवाईची शिफारस विशेषाधिकार समितीने केली होती, सभागृहाने ती नाकारली. मला तो निर्णय योग्य वाटतो, कारण गोपनीयता पाळण्याचे बंधन ज्याने स्वीकारले होते तो पत्रकार नव्हता. आपल्याकडे मात्र पत्रकाराला सूत्राचे नाव न सांगण्याची कायदेशीर सवलत प्रेस कौन्सिल कायदा १९७८ मध्ये आहे आणि ती फक्त कौन्सिलपुढील कामकाजापुरती आहे. विशेषाधिकार समितीपुढे तिचा आधार घेता येत नाही. प्रत्यक्षात संपादकाने बिनशर्त खेद व्यक्त केला की प्रकरण मिटवण्याकडेच सभागृहांचा कल राहिला आहे.

आता आपल्या हाती येऊ शकणाऱ्या प्रतीविषयी. ती पुढे पाठवू नये. न मांडलेल्या अहवालाची प्रसिद्धी हा हक्कभंग ठरतो आणि तो करणारा खासदार किंवा पत्रकारच असला पाहिजे असे नाही. माहितीच्या अधिकारात तो मसुदा मागूनही उपयोग होणार नाही, कारण त्या कायद्याच्या कलम ८(१)(ग) मध्ये विशेषाधिकाराचा भंग होईल अशी माहिती वगळलेली आहे. आपल्या मतदारसंघाचा खासदार कोणत्याही पक्षाचा असो, त्याच्याकडे लेखी निवेदन देऊन अध्यक्षांपुढे प्रश्न मांडण्याची विनंती मात्र करता येते. अहवाल पटलावर आला की तो लोकसभेच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो, आणि सदस्यांच्या भिन्नमतपत्रिका जोडलेल्या असतील तर त्यांच्यासह. फुटलेला मसुदा आपण वाचलेला असेल, तर दोन्हींमध्ये काय बदलले हे तेव्हा शेजारी ठेवून पाहता येईल.