बागेची खोली, बोन्सायची उंची

प्रश्न : क्योटो येथील र्‍योआनजी मंदिरातील दगडांच्या बागेची मी मोबाईलवर काढलेली छायाचित्रे अगदी सपाट वाटतात. कॅमेरा थोडा सरकवून दोन छायाचित्रे घेतल्यास खोली दिसते असे ऐकले आहे. हे नेमके कसे करावे? घरच्या बोन्सायसाठी कॅमेरा न हलवता कुंडीच किंचित फिरवली तर चालेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या दोन डोळ्यांत साधारण ६.५ सेंटिमीटर अंतर असल्यामुळे प्रत्येक डोळ्याला किंचित निराळे दृश्य दिसते आणि त्या फरकावरून मेंदू खोलीचा अंदाज बांधतो, हे चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये दाखवून दिले. कॅमेरा किती सरकवावा यासाठी छायाचित्रकारांचा जुना ठोकताळा असा, की चौकटीतील सर्वांत जवळची वस्तू जितकी दूर असेल, त्याचा तिसावा भाग. ती दोन मीटरवर असेल तर सहा-सात सेंटिमीटर पुरतात. अनेक मंदिरांत ट्रायपॉड लावू देत नाहीत. अशा वेळी शरीराचा भार आधी डाव्या आणि मग उजव्या पायावर द्यावा, मात्र कॅमेरा मध्याकडे न वळवता समांतरच ठेवावा.

र्‍योआनजीत एक अडचण आहे. तेथे रेतीवर ओढलेल्या रेघा बव्हंशी ओसरीला समांतर, म्हणजे आडव्या आहेत, आणि कॅमेराही आडवाच सरकत असल्याने त्या रेघांवरून खोली कळतच नाही. ती कळते दगडांभोवतीच्या वर्तुळांमुळे, शेवाळाच्या कडांमुळे आणि एका दगडाआड दुसरा दडल्यामुळे. म्हणून चौकटीत निदान दोन दगडसमूह एकामागे एक यावेत. खोली वाढवण्याच्या हौसेने कॅमेरा हातभर सरकवला, तर बाग टेबलावरच्या प्रतिकृतीसारखी दिसू लागते. सराव करायला आपल्या गावातच ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेले पु. ल. देशपांडे उद्यान आहे. तेथे तळ्यातील मासे आणि पाण्यावरची चमक दोन्ही छायाचित्रांत जुळत नाहीत, एवढे ध्यानात असू द्यावे.

बोन्सायच्या बाबतीत प्रतिकृतीसारखे दिसण्याचा हा दोष उलटा होऊन उपयोगी पडतो. झाड ६० सेंटिमीटरवर असेल तर कॅमेरा दोनच सेंटिमीटर सरकवायचा. हे अंतर डोळ्यांतील अंतराच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी असल्याने झाड प्रत्यक्षापेक्षा कितीतरी मोठे भासते, आणि बोन्साय घडवणाऱ्यालाही तेच हवे असते. कुंडी सुमारे दोन अंश फिरवूनही काम होते, पण मागे कोरा काळा पडदा हवा. शिवाय दिवा जागीच राहून झाड फिरल्याने खोडावरच्या सावल्या सरकतात आणि साल डोळ्यांना खुपते; म्हणून मी पट्टीच्या कडेने कॅमेरा सरकवणेच पसंत करीन. पंखा बंद ठेवावा आणि छायाचित्र झाडाच्या दर्शनी बाजूनेच घ्यावे, कारण मागची फांदी खोडात मिसळू नये अशी रचना त्या बाजूने मुद्दाम केलेली असते.

पाहताना डावे छायाचित्र डाव्या डोळ्यापुढेच हवे. अदलाबदल झाल्यास तीच मागची फांदी खोडाच्या पुढे आलेली दिसेल.